वेड्यांच्या इस्पितळातला जंतू, नागिणीची लस आणि आपल्या घरातला विसर

(पोस्ट मोठी आहे. निवांत वाचा, घाईत असाल तर सेव्ह करून ठेवा.)

२०२५ च्या एप्रिलमध्ये 'नेचर' या नियतकालिकात एक संशोधन आलं. नागिणीची लस घेतलेल्या म्हाताऱ्या माणसांना पुढच्या सात वर्षांत डिमेन्शिया कमी झाला, असं त्यात म्हटलं होतं. अशी बातमी आली की दोन तट पडतात. एक म्हणतो, "लस कुठे मिळेल, कितीला मिळेल, आईला लगेच देतो." दुसरा म्हणतो, "झालं सुरू कंपन्यांचं. आता विसरभोळेपणाही जंतूंमुळे होतो म्हणे!"

दुसऱ्या तटाला मला आधी उत्तर द्यायचंय. कारण जंतूमुळे बुद्धी जाते, हे काही कालपरवा कोणाच्या डोक्यातून निघालेलं खूळ नाही. शंभर वर्षांपूर्वी युरोप-अमेरिकेतली वेड्यांची इस्पितळं अशाच रुग्णांनी भरलेली होती. आपण ते विसरलो, कारण तो रोग जवळजवळ नाहीसा झाला. पहिल्या तटाकडे नंतर येऊ. त्यांनाही थोडं थांबायला सांगणार आहे.

गोष्ट सुरू होते १८२२ मध्ये, पॅरिसजवळच्या शारंटनच्या इस्पितळात. आंत्वान बेल नावाचा विशीतला डॉक्टर तिथे शिकत होता. त्याने सहा रुग्णांची हकीकत आपल्या प्रबंधात लिहिली. या माणसांचं आधी वागणं बिघडायचं. कोणी स्वतःला सम्राट समजायचा, कोणी खिशात दमडी नसताना राजवाडे विकत घ्यायला निघायचा. मग जीभ जड व्हायची, चाल बिघडायची, स्मरण जायचं आणि शेवटी लुळेपणा येऊन माणूस दोन-तीन वर्षांत मरायचा. बेलने मेल्यानंतर त्यांची डोकी उघडली, तर मेंदूवरची आवरणं सुजून जाड झालेली. त्याचं म्हणणं एवढंच होतं की हे वेड आणि हा लुळेपणा असे दोन रोग नाहीत, एकच आहे, आणि तो शरीरातला आहे.

आज यात विशेष काय असं वाटेल. पण त्या काळात वेड म्हणजे मनाचा, नीतीचा, फार तर आनुवंशिकतेचा मामला. वेड लागलेल्या माणसाच्या मेंदूत डोळ्यांनी दिसणारी सूज दाखवणं ही मोठी उडी होती. या रोगाला पुढे इंग्रजीत 'जनरल पॅरालिसिस ऑफ द इन्सेन' असं नाव पडलं. डॉक्टर मंडळी नुसतं जी.पी.आय. म्हणत.

रोगी कोण? बहुतेक तिशी ते पन्नाशीतले कर्ते पुरुष. सैनिक, व्यापारी, कारकून, कलावंत. फ्रेंच कथाकार मोपासाँ आपल्याकडे अनुवादांमुळे ठाऊक आहे. तो १८९३ मध्ये पॅरिसच्या एका खाजगी इस्पितळात गेला, तेव्हा वय अवघं ४२. शेवटच्या दीड वर्षात तो भ्रमातच होता.

मग कारण काय? कोणी म्हणे दारू, कोणी म्हणे अतिश्रम, कोणी म्हणे शहरी आयुष्याची धावपळ. (हे स्पष्टीकरण ओळखीचं वाटतंय ना? प्रत्येक काळाला आपला नवा रोग 'स्ट्रेस'मुळेच होतो असं वाटतं.) १८५७ मध्ये एस्मार्च आणि येसेन या दोन जर्मन डॉक्टरांनी वेगळंच सांगितलं. या लोकांना तरुणपणी गरमी झालेली होती, तीच याचं कारण असावी.

गरमी, म्हणजे सिफिलिस. आपल्याकडच्या वैद्यकात याला 'फिरंगरोग' म्हणतात. सोळाव्या शतकातल्या भावमिश्राच्या 'भावप्रकाश' ग्रंथात हे नाव आलेलं आहे, आणि नावातच पत्ता आहे. रोग फिरंग्यांबरोबर आला. गोव्यात राहणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ मध्ये गोव्यातच छापलेल्या आपल्या पुस्तकात या रोगावर चालणाऱ्या चोपचिनीच्या मुळाची चर्चा केली आहे. म्हणजे रोग, त्याचं नाव आणि त्यावरचं औषध असं सगळं आपल्या किनाऱ्यावर चारशे वर्षांपूर्वी येऊन पोहोचलेलं होतं.

पण गरमीमुळे वेड लागतं, हे मान्य व्हायला अर्धं शतक गेलं. का गेलं, ते नीट बघा, कारण आजच्या भांडणाची चावी इथेच आहे.

पहिला आक्षेप असा की गरमी झाल्यावर दहा-वीस वर्षांनी जी.पी.आय. होतो. मधल्या काळात माणूस ठणठणीत. इतक्या वर्षांपूर्वीच्या फोडाचा आणि आजच्या वेडाचा संबंध कसा लावणार? दुसरा आक्षेप, गरमी हजारोंना होते, त्यातल्या थोड्यांचीच बुद्धी जाते. जंतू कारण असेल तर सगळ्यांची का जात नाही? तिसरा, जी.पी.आय.चे कित्येक रुग्ण शपथेवर सांगत की आपल्याला गरमी कधी झालीच नाही. काही खोटं बोलत, काहींना खरंच माहीत नसे. आणि चौथा आक्षेप सगळ्यात जड. मेंदूत जंतू दाखवा! ते कोणालाच दाखवता येत नव्हते.

१८९७ मध्ये व्हिएन्नाच्या क्राफ्ट-एबिंगने मॉस्कोच्या परिषदेत एक प्रयोग जाहीर केला. जी.पी.आय.च्या नऊ रुग्णांना गरमीच्या फोडातली लस टोचली होती. एकालाही गरमी झाली नाही. अर्थ असा की त्यांना ती आधीच होऊन गेली होती, म्हणून दुसऱ्यांदा लागली नाही. युक्तिवाद बिनतोड होता आणि प्रयोग लाजिरवाणा. ज्यांना आपलं नावही धड सांगता येत नाही, अशा माणसांच्या अंगात मुद्दाम रोग सोडायचा. त्यांची संमती कोणी विचारली असेल? वैद्यकाच्या इतिहासात असे कोपरे बरेच आहेत, आणि त्यांतून निघालेलं ज्ञान आपण आज वापरतो, हेही खरं आहे.

त्यानंतर सगळं भराभर घडलं. १९०५ मध्ये शाउडिन आणि हॉफमन यांना गरमीचा जंतू सापडला, स्क्रूसारखा पीळदार. पुढच्याच वर्षी वासरमनची रक्ततपासणी आली. आणि १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये हिदेयो नोगुची या जपानी शास्त्रज्ञाने मूर नावाच्या सहकाऱ्याबरोबर जी.पी.आय.ने मेलेल्या माणसांच्या मेंदूचे काप तपासून त्यांत तो पीळदार जंतू दाखवला. सगळ्या मेंदूंत नाही, काहींतच. पण तेवढं पुरलं. (नोगुचीचा चेहरा पुढे वीस वर्षं जपानच्या हजार येनच्या नोटेवर होता. तो स्वतः १९२८ मध्ये आफ्रिकेत पिवळ्या तापावर काम करताना त्याच तापाने गेला.)

बेलपासून नोगुचीपर्यंत एक्याण्णव वर्षं.

औषधाची गोष्ट तर आणखी विचित्र. व्हिएन्नाच्याच वाग्नर-याउरेगच्या लक्षात आलं होतं की जोराचा ताप येऊन गेल्यावर काही वेडे सुधारतात. १९१७ मध्ये त्याने हिवताप झालेल्या एका सैनिकाचं रक्त जी.पी.आय.च्या रुग्णांना टोचलं. आठ-दहा वेळा थंडीतापाचे झटके येऊ द्यायचे आणि मग क्विनाइन देऊन हिवताप थांबवायचा. म्हणजे आपल्याकडे ज्या हिवतापाने गावंच्या गावं अंथरुणाला खिळत होती, तो तिथे औषध म्हणून वापरात आला! काही रुग्ण यातच दगावले. पण ज्यांचं मरण ठरलेलं होतं त्यांच्यातले कितीतरी उठून घरी गेले, कामाला लागले. १९२७ मध्ये त्याला यासाठी नोबेल मिळालं. पुढे चाळीसच्या दशकात पेनिसिलिन आलं आणि हा सगळा प्रकार इतिहासजमा झाला. इस्पितळांतले वॉर्डच्या वॉर्ड रिकामे झाले.

आता मुख्य धागा पकडू. याच जी.पी.आय.च्या मेंदूंवर त्या काळात सगळ्यात बारकाईने काम केलेला एक जर्मन डॉक्टर होता. जी.पी.आय.चा मेंदू आणि इतर वेडांतला मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली वेगळा कसा ओळखायचा, यावर त्याने १९०४ मध्ये मोठा प्रबंध लिहिला. त्याचं नाव अलॉइस आल्झायमर. होय, तोच.

फ्रँकफुर्टच्या इस्पितळात १९०१ मध्ये त्याने ऑगस्ट डेटर ही ५१ वर्षांची बाई तपासली होती. नवऱ्यावर संशय, रस्ता चुकणं, लिहिता लिहिता स्वतःचं नाव अर्ध्यावर विसरणं. १९०६ मध्ये ती गेल्यावर त्याने तिचा मेंदू तपासला. पेशींत गुंता झालेले तंतू, आणि पेशींच्या बाहेर कसल्याशा पदार्थाचे डाग. जी.पी.आय. नव्हे, हे तो खात्रीने सांगू शकला, कारण जी.पी.आय.चा मेंदू कसा दिसतो हे त्याच्याइतकं कोणाला माहीत नव्हतं.

त्याच सुमारास प्रागमध्ये ऑस्कर फिशर हेच डाग बघत होता. त्याने १९०७ मध्ये म्हातारपणी बुद्धी गेलेल्या १६ जणांचे मेंदू तपासले, त्यांतल्या १२ मेंदूंत डाग सापडले. फिशरला ते जंतूंच्या वसाहतीसारखे दिसले. त्याने हरप्रकारे तपासून पाहिलं, जंतू वाढवायचा प्रयत्नही केला. हाती काही लागलं नाही, आणि ते त्याने प्रामाणिकपणे लिहूनही ठेवलं. आल्झायमरचं नाव त्याच्या वरिष्ठाने, क्रेपेलिनने, १९१० मध्ये पाठ्यपुस्तकात घातलं आणि ते अजरामर झालं. फिशर ज्यू होता. १९४२ मध्ये तेरेझिनच्या नाझी तुरुंगात तो मेला. विसरण्याच्या रोगावर काम करणारा माणूस जगाने असा विसरावा, याला काय म्हणायचं.

पुढची काही दशकं थोडक्यात. साठ-सत्तर वर्षं या रोगाकडे कोणी फारसं पाहिलं नाही, म्हातारपणात चालायचंच असं धरलं गेलं. आपल्याकडे तर 'साठी बुद्धी नाठी' म्हणून मोकळेच झालो आपण. ऐंशी-नव्वदच्या दशकात ते डाग अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचे आहेत हे कळलं, आणि सगळा पैसा, सगळं संशोधन ते डाग पुसण्यामागे लागलं.

या गर्दीत मँचेस्टरच्या रूथ इत्झाकी या बाई उलट्या दिशेने चालत होत्या. त्यांच्या गटाने १९९१ मध्ये दाखवलं की म्हाताऱ्या माणसांच्या मेंदूत हर्पिसचा विषाणू सापडतो. हर्पिस म्हणजे ताप उतरताना ओठावर जर येतो ना, तो. आल्झायमर असलेल्यांत सापडला आणि नसलेल्यांतही सापडला! टीकाकारांना आयतं कोलीत मिळालं. १९९७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी पुढचा मुद्दा मांडला. नुसता विषाणू नाही, तर विषाणू आणि एपीओई-४ नावाचा जनुकाचा प्रकार, दोन्ही असतील तर धोका वाढतो.

आता त्यांच्यावर घेतलेले आक्षेप बघा. हर्पिस तर जगात निम्म्याहून जास्त लोकांच्या अंगात असतो, मग सगळ्यांना आल्झायमर का होत नाही? लागण लहानपणी आणि विसर सत्तरीत, संबंध कसा लावायचा? हे आपण वर वाचलंय. गरमीबद्दल हेच बोललं जात होतं, शब्दाला शब्द.

पण म्हणून इत्झाकी बरोबर, असं लगेच ठरत नाही. गॅलिलिओला लोक हसले होते म्हणून ज्याला ज्याला लोक हसतात तो गॅलिलिओ नसतो. जुन्या आक्षेपांना उत्तर मिळालं ते दोन गोष्टींनी. मेंदूत जंतू दाखवला गेला, आणि जंतू मारल्यावर रोग थांबला. आल्झायमरच्या बाबतीत पहिली गोष्ट अर्धीमुर्धी झालीय. दुसरी अजून झालेली नाही.

दुसरीचे प्रयत्न झाले. हिरड्या सुजवणारा एक जिवाणू मेंदूत सापडला म्हणून २०१९ मध्ये मोठा गाजावाजा झाला. त्यावरचं औषध सहाशेहून अधिक रुग्णांवर तपासलं, २०२१ मध्ये निकाल आला, उपयोग नाही. मग हर्पिसवरचं जुनं, स्वस्त औषध व्हॅलासायक्लोव्हिर. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. देवानंद यांच्या गटाने ते आल्झायमरच्या सुरुवातीच्या टप्प्यातल्या १२० रुग्णांवर दीड वर्ष तपासलं. २०२५ मध्ये निकाल आला. फायदा नाही. उलट नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांची स्मृती किंचित बरी राहिली. म्हणून कुठे "हर्पिसची गोळी खा, स्मरणशक्ती वाचवा" असं वाचलंत तर पुढे ढकलू नका.

आता वेल्स. मला या सगळ्यात तोच पुरावा सर्वात वजनदार वाटतो, आणि तो सरकारी नियमातून अपघाताने मिळालाय.

नागीण म्हणजे लहानपणच्या कांजण्यांचाच विषाणू. कांजण्या बऱ्या होतात पण विषाणू जात नाही, मज्जातंतूंच्या गाठींत दडून बसतो आणि म्हातारपणी प्रतिकारशक्ती ढिली झाली की पट्ट्यासारखा अंगावर उठतो. वेल्सच्या सरकारने २०१३ च्या सप्टेंबरपासून नागिणीची लस द्यायला सुरुवात केली. नियम असा की २ सप्टेंबर १९३३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना लस, त्याआधी जन्मलेल्यांना कधीच नाही. ऐंशी पूर्ण झाली की दार बंद.

यातून काय झालं? एक आठवडा आधी जन्मलेले आणि एक आठवडा नंतर जन्मलेले लोक. खाणंपिणं तेच, डॉक्टर तेच, वयात फरक नाही. फरक फक्त लशीचा. लवकर जन्मलेल्यांत जवळजवळ कोणालाच लस नाही, उशिरा जन्मलेल्यांत जवळपास निम्म्यांना. एरवी लशीच्या अभ्यासात नेहमी शंका येते की लस घेणारे लोक मुळातच तब्येतीची काळजी घेणारे असतात. इथे ती जवळजवळ निघून जाते. २ लाख ८० हजारांहून जास्त लोकांच्या नोंदी पाहिल्या, तेव्हा सात वर्षांत लस घेतलेल्यांत डिमेन्शियाचं प्रमाण पाचव्या हिश्शाने कमी निघालं. बायकांत फायदा जास्त. ऑस्ट्रेलियातही अशीच जन्मतारखेची रेघ होती. तिथेही तोच कल दिसला.

पण हे का झालं, ते ठाऊक नाही. दबलेला विषाणू उसळला नाही म्हणून मेंदूतली सूज टळली असेल. किंवा लशीने प्रतिकारशक्तीलाच एकूण तालीम मिळाली असेल, आणि नागिणीशी त्याचा थेट संबंध नसेल. आणखी एक कल्पना हार्वर्डच्या मॉइर आणि टान्झी यांची. त्यांच्या मते ते बदनाम अमायलॉइड मुळात जंतूंना जाळ्यात पकडणारं मेंदूचं हत्यार आहे. २०१६ मध्ये त्यांनी उंदरांच्या मेंदूत साल्मोनेला जंतू सोडले, तर ज्यांच्यात अमायलॉइड बनत होतं ते उंदीर जास्त जगले. तसं असेल तर आपण इतकी वर्षं आग सोडून बंबवाल्यांनाच हाकलत बसलो होतो. पण उंदीर ते माणूस हे अंतर फार मोठं असतं.

लस लगेच घेऊ म्हणणाऱ्या पहिल्या तटासाठी. वेल्समध्ये दिलेली लस जुनी, जिवंत विषाणूची होती. आपल्याकडे २०२३ मध्ये आलेली नवी लस वेगळ्या बनावटीची आहे, दोन डोसांची आणि चांगलीच महाग. नागीण टाळण्यासाठी ती उत्तम आहे, आणि ज्याने म्हातारपणीची नागीण भोगलीय त्याला तेवढं कारण पुरेसं आहे. नव्या लशीनेही डिमेन्शिया लांबतो असे संकेत ऑक्सफर्डच्या एका अभ्यासात मिळाले आहेत. पण त्याच एका कारणासाठी कर्ज काढून घ्यावी, इतका पुरावा आज नाही. आपल्या डॉक्टरांशी बोला.

त्यापेक्षा फार स्वस्त गोष्टी आपल्याकडे राहून जातात, त्याचं मला जास्त वाईट वाटतं. भारतात साठीपुढच्या लोकांत ७.४ टक्क्यांना, म्हणजे सुमारे ८८ लाखांना डिमेन्शिया आहे, असा २०२३ मध्ये छापलेला अंदाज आहे. यातल्या किती जणांचं कारण शोधलं जातं? थायरॉइड, बी-१२ ची कमतरता, डोक्याला मार लागून साचलेलं रक्त, आणि जंतूंपैकी क्षयाचा मेनिंजायटिस, एचआयव्ही, मेंदूतले फीतकृमीचे फोड आणि हो, आजही कधीमधी तीच जुनी गरमी. ही सगळी कारणं सापडली तर उपचार आहेत. गरोदर बाईच्या कागदावर 'व्हीडीआरएल' ही तपासणी असते, ती गरमीचीच. म्हाताऱ्या माणसाच्या बुद्धीत अचानक फरक पडला तर ती लिहून द्यायला डॉक्टर कचरतात आणि घरच्यांना अपमान वाटतो. मोपासाँच्या काळातली लाज अजून गेलेली नाही.

आणि हे घरोघरी लागू पडतं म्हणून सांगतो. कालपर्यंत व्यवस्थित असलेले आजोबा दोन दिवसांत बरळायला लागले, माणसं ओळखेनासे झाले, तर तो 'म्हातारचळ' नव्हे. लघवीत किंवा छातीत इन्फेक्शन झालं की म्हाताऱ्यांत असं होतं. कधी ताप नसतानाही होतं. त्याच दिवशी दवाखान्यात न्या. खूप वेळा औषधाने माणूस पुन्हा ताळ्यावर येतो.

शेवटी, हा रोग संसर्गाने होत असला तरी ज्याला विसर पडलाय त्याच्यापासून तो लागत नाही. आजीच्या ताटात जेवल्याने, तिच्याजवळ नातवंडं झोपल्याने काही होत नाही. हे लिहावं लागतंय, कारण 'जंतू' शब्द ऐकला की आपल्याकडे आधी भांडी वेगळी होतात.

वेल्सच्या निष्कर्षाची पक्की परीक्षा म्हणजे चिठ्ठ्या टाकून अर्ध्यांना लस, अर्ध्यांना खोटी लस आणि मग काही वर्षं वाट बघणं. ती जुनी लस अमेरिकेच्या बाजारातून २०२० मध्येच गेली. तिच्यात आता कोणाला नफा नाही, त्यामुळे कंपनी हा खर्च करणार नाही. तो कोणत्या तरी सरकारला नाहीतर संस्थेलाच करावा लागेल. लशी बनवण्यात जगात पुढे असलेलं पुणे आपल्याकडे आहे आणि ८८ लाख रुग्णही आपल्याकडे आहेत. आपल्या आमदार-खासदारांपैकी कोणी हा प्रश्न सभागृहात विचारला असेल तर कॉमेंटमध्ये जरूर सांगा.